कोलभाट गल्लीतले जावजीशेट

स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने मला दोन गोष्टी बजावल्या. शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार, तेव्हा तू दुसरं काही दे. आणि कॉम्प्युटरवर लिहू नकोस, कुणी वाचणार नाही. दुसरं मला लगेच पटलं. माझ्या कामाबद्दल घरचेसुद्धा दोन वाक्यांपलीकडे ऐकून घेत नाहीत. म्हणून मी ज्यांच्याबद्दल गेली काही वर्षं मिळेल तिथून वाचते आहे, त्या एका माणसाची हकीकत लिहिते. त्यांचं नाव जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९, मृत्यू १८९२. मुंबईतल्या 'निर्णयसागर' छापखान्याचे संस्थापक.

आठवीपासून शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेल्यांना 'निर्णयसागर' हे नाव अंधूक आठवेल. बाई ज्या जाडजूड पुस्तकातून रोज एक सुभाषित फळ्यावर लिहायच्या, ते 'सुभाषितरत्नभाण्डागार' याच छापखान्याचं. काशीनाथ पांडुरंग परबांनी ते संकलित केलं होतं. त्यातली सुभाषितं आपल्याला पाठ झाली, बऱ्याच जणांची ती आता विसरूनही झाली असतील. पुस्तक कुणी छापलं हे मात्र तेव्हा आपण कुणी बघितलं नाही. पुस्तकाचं ते पान कोण वाचतं? मी वाचायला हवं होतं म्हणा, कारण आमच्या घरी छापखाना होता. पण त्याबद्दल पुढे सांगते.

जावजींचं घर गरीब. शाळा सुटली ती लहानपणीच, आणि पोटासाठी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागावं लागलं. काम कसलं, तर खिळे घासायचं. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांना छपाईचा खिळा म्हणजे काय हे ठाऊक असेल, आपल्या मुलांना मुळीच नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पूर्वी छापायचं प्रत्येक अक्षर धातूच्या एका छोट्या दांडीच्या टोकावर उलटं उमटवलेलं असायचं. हाच टाइप, मराठीत खिळा. तो बनवायचा तर आधी पोलादाच्या तुकड्याच्या टोकावर कारागीर ते अक्षर उलटं, उठावात कोरणार. हा पंच. त्या पोलादाला पाणी दिलं की तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात अक्षर खोल उमटतं. ही मातृका. मातृका साच्यात बसवून वर शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतायचा. एका मातृकेतून हवे तितके खिळे निघतात. साच्यातून निघालेल्या खिळ्याला कडेने कंगोरे राहतात, ते घासून काढावे लागतात. खिळा केसभर उंच राहिला तर कागदाला भोक पाडतो, केसभर बुटका राहिला तर अक्षर फिकं उमटतं. बाजू नीट घासली गेली नाही तर ओळ वाकडी जाते. थोडक्यात, घासणं हे त्या कारखान्यातलं सगळ्यात हलकं काम, आणि त्यावरच सगळं टेकलेलं. लहान मुलांना ते द्यायचे, कारण मुलांची बोटं बारीक आणि पगार त्याहून बारीक.

त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचे गृहस्थ होते. देवनागरी खिळ्यांना सुबक वळण देण्यासाठी त्यांनी बरीच खटपट केली. मिशनऱ्यांना छापायचा होता धर्मप्रचार, हे खरंच. पण मराठी छपाईच्या इतिहासात अशी गंमत पुन्हा पुन्हा दिसते: एकाने आपल्या कारणासाठी आणलेलं कसब शेजारी उभा असलेला दुसरा शिकतो आणि भलत्याच कामाला लावतो. गणपत कृष्णाजींचं तसंच झालं. मिशनची छपाई बघून त्यांनी स्वतःचं शिळायंत्र उभं केलं आणि १८३१ साली पहिलं छापील मराठी पंचांग काढलं. सोवळ्यातल्या मंडळींना छापील कागद चालेना, म्हणून धर्मग्रंथांसाठी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असं सांगतात. जावजी जन्मले त्याच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणजे त्यांच्या वाढीच्या काळात मुंबईत छापखाने होते, छापणारे होते, छापील पुस्तकाला नाकं मुरडणारेही होते. देखणं, शुद्ध आणि परवडेल असं देवनागरी छापून मिळण्याची मात्र मारामार होती.

मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनी 'टाइम्स'च्या छापखान्यात काम केलं, मग 'इंदुप्रकाश'मध्ये आणि पुढे 'ओरिएंटल'मध्ये. 'इंदुप्रकाश' १८६२ साली निघालं, त्यावरून काळाचा अंदाज येतो. आजच्या भाषेत हे नोकऱ्या बदलणं. आमच्या क्षेत्रातली मुलं दर दोन वर्षांनी करतात तेच. फरक असा की आमच्यातले बहुतेक जण बदलतात पगारासाठी, आणि जावजींच्या बदलण्याकडे बघताना मला वाटतं की हा माणूस एकेका ठिकाणाहून खिळ्यांचं काम उचलत चालला होता. घासणं, बसवणं, ओतणं, आणि कुठल्या छापखान्याला कशाची गरज आहे ते. हे माझं मत. कुणी कागदोपत्री पुरावा मागितला तर माझ्याकडे नाही.

१८६४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला. हे साल लक्षात घेण्यासारखं आहे. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळत नव्हता, आणि इकडच्या कापसाच्या जिवावर मुंबईत पैशाचा पूर आला होता. ज्याला त्याला शेअर हवे होते. युद्ध संपलं आणि १८६५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सगळा डोलारा कोसळला. मोठमोठे शेठ एका रात्रीत कफल्लक झाले. अशा वर्षात हा तरुण शिसं वितळवत बसला होता. त्याच्याकडे सट्ट्यात घालायला पैसा होता कुठे, असंही कुणी म्हणेल. असेलही. पण पूर ओसरल्यावर जे धंदे उभे राहिले त्यात हा होता.

या कामात त्यांना साथ होती राणोजी रावजी आरू यांची. राणोजी पंच कोरण्यात निष्णात. जावजींचं नाव सगळीकडे येतं, राणोजींचं क्वचित, म्हणून मुद्दाम लिहिते. जी अक्षरं पुढे निर्णयसागर वळणाची म्हणून ओळखली गेली, ती पोलादावर कोरणारा हात राणोजींचा होता. व्यवहार, पारख आणि आग्रह जावजींचा. प्रत्येक चांगल्या कंपनीत अशी जोडी असते आणि बाहेरच्यांना त्यातला एकच जण दिसतो.

देवनागरीचा खिळा करणं इंग्रजीपेक्षा किती अवघड, हे मला माझ्या नोकरीमुळे समजलं. इंग्रजीत अक्षरं एकापुढे एक ठेवली की झालं. आपल्याकडे मात्रा वर, उकार खाली, वेलांटी मागे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. शिवाय जोडाक्षरं. मग करायचं काय? एक पद्धत अशी की अक्षर वेगळं, मात्रा वेगळी, उकार वेगळा ओतायचा आणि तिन्ही थर जुळाऱ्याने एकावर एक बसवायचे. खिळे कमी लागतात, पण छापल्यावर मात्रा अक्षरापासून सुटलेली दिसते, हलते, कधी गळून पडते. दुसरी पद्धत अखंड खिळ्यांची: अक्षर आणि मात्रा एकाच तुकड्यावर. छापलेलं सुरेख दिसतं, पण खिळ्यांची संख्या काही शेकड्यांत जाते, केस अवाढव्य होते आणि भांडवल तिपटीने लागतं. कुठे तडजोड करायची आणि कुठे नाही, हे ठरवण्यात सगळी कला.

काही वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होते तिथे एका ॲपमध्ये मराठी दाखवायचं काम आलं. 'दुसऱ्या' हा शब्द कुठल्याही फोनवर धड दिसेना. 'ऱ्या'मधला तो अर्धा र, जो आपल्या मराठीला लागतो, तो कधी रफार होऊन डोक्यावर जायचा, कधी पायमोडका र होऊन एकटा उभा राहायचा. बैठकीत सगळ्यांचं म्हणणं असं की चालेल, वाचणाऱ्याला कळतं. तीन दिवस मी त्यात डोकं घातलं तेव्हा तो नीट बसला. त्या तीन दिवसांत मी निर्णयसागरची जुनी पानं मोठी करकरून बघत होते, कारण अक्षर दिसायला कसं हवं हे मला तिथेच खात्रीने कळणार होतं. जावजींबद्दल वाचायला लागले ती तिथून.

१८६९ साली त्यांनी छापखाना काढला. आधी खिळे विकणारा कारखाना, मग स्वतःच्या खिळ्यांनी छापणारा छापखाना. नाव 'निर्णयसागर', त्याच नावाचं त्यांचं पंचांगही घरोघरी गेलं. 'निर्णय' हा शब्द इथे तिथी, व्रतं, मुहूर्त यांच्या निर्णयाचा, 'निर्णयसिंधु'मधला. पंचांग हा छापखान्याच्या धंद्याचा कणा असतो, हे छापखान्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा. कादंबरी विकली जाईल की नाही सांगता येत नाही. पंचांग दरवर्षी जुनं होतं आणि दरवर्षी नवं लागतं. त्यावर कारागिरांचे पगार निघतात आणि उरलेल्या पैशांत मालकाला जे मनापासून छापायचं असतं ते छापता येतं. आमच्याकडे पंचांगाच्या जागी लग्नपत्रिका होत्या.

छापखाना कोलभाट गल्लीत होता, काळबादेवीच्या बाजूला. त्यांच्या पुस्तकांवर हा पत्ता कित्येक दशकं छापून येत राहिला. जगातल्या ज्या ज्या विद्यापीठात संस्कृत शिकवलं जातं तिथल्या ग्रंथालयात आज मुंबईतली ही एक गल्ली इंग्रजी लिपीत लिहिलेली सापडते. मुंबईत राहणाऱ्या आपल्यापैकी कितींना ती सांगता येईल?

आता मनापासून छापलेल्या गोष्टींकडे येते. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांचं 'बालबोध' मासिक सुरू झालं ते निर्णयसागरमधून. मुलांसाठी मराठीत सोपं, स्वच्छ, माहितीचं वाचायला देणारं हे मासिक ओकांनी पुढे अनेक वर्षं चालवलं. वामन दाजी ओकांच्या देखरेखीखाली जुन्या मराठी कवींचा 'काव्यसंग्रह' निघाला. हे सगळं चांगलंच. पण जावजींचं नाव जगभर गेलं ते संस्कृत ग्रंथांमुळे, आणि त्यातही 'काव्यमाले'मुळे.

'काव्यमाला' १८८६ साली सुरू झाली. कल्पना अशी: देशभर पोथ्यांमध्ये पडून असलेली, कधीच न छापलेली किंवा दुर्मीळ झालेली संस्कृत काव्यं, नाटकं, चंपू, अलंकारशास्त्राचे ग्रंथ शोधायचे, दोन-चार पोथ्या ताडून पाठ ठरवायचा, आणि वर्गणीदारांना हप्त्याहप्त्याने द्यायचे. संपादनाला जयपूर दरबारचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईला काशीनाथ पांडुरंग परब. लहान लहान काव्यांचे चौदा गुच्छ निघाले, आणि मोठे ग्रंथ स्वतंत्र क्रमांकांनी निघत राहिले. जगन्नाथ पंडिताचा 'रसगंगाधर' १८८८ साली निघाला, तो काव्यमालेचा बारावा ग्रंथ. १८८९ साली याच दोघांनी संपादलेला 'कथासरित्सागर' निर्णयसागरने काढला. १८९१ साली आनंदवर्धनाचा 'ध्वन्यालोक' निघाला, काव्यमालेत पंचविसावा. भरताचं 'नाट्यशास्त्र' १८९४ साली आलं, बेचाळिसावा. तोवर जावजी गेले होते.

ही नावं बी.ए.ला संस्कृत घेतलेल्या मैत्रिणींना काय सांगतात ते त्याच सांगू शकतील. माझ्यासारखीला इतकंच कळतं: ज्या 'ध्वन्यालोका'वर आज जगभर प्रबंध लिहिले जातात, तो त्याआधी पोथ्यांमधून बंद होता. ज्याच्याकडे पोथी, त्याच्याकडे ज्ञान. ती पोथी कुणाला दाखवायची, कुणाला नाही, हे तो ठरवणार. कोलभाट गल्लीत तो ग्रंथ खिळ्यांनी जुळवला गेला आणि मग कुणीही टपालाने मागवावा. हे ज्या माणसाने घडवलं तो शास्त्र्यांच्या घरातला नव्हता. त्याचं शिक्षण खिळे घासण्यात झालं होतं. ज्या भाषेतले ग्रंथ त्याने सर्वांत शुद्ध छापले, त्या भाषेची पाठशाळा त्याने पाहिली नव्हती.

मग शुद्धता आली कुठून? इथे मला जावजी खरे मोठे वाटतात. स्वतःला जे येत नाही ते येणारी माणसं त्यांनी छापखान्यात आणून बसवली. परब होते, आणखी शास्त्री होते, पुढच्या काळात वासुदेव लक्ष्मण शास्त्री पणशीकर होते. पणशीकरांचं नाव कितीतरी निर्णयसागर आवृत्त्यांवर दिसतं. शास्त्र्यांनी पाठ बघायचा, जुळाऱ्यांनी तो शास्त्र्यांना हवा तसाच जुळवायचा. निर्णयसागरचं एखादं टीकेसह असलेलं पान उघडून बघा. वर मोठ्या टाइपात मूळ श्लोक, खाली त्याहून बारीक टाइपात टीका, तळाशी आणखी बारीक टाइपात पाठभेद. तीन आकारांचे खिळे, एका पानात, आणि सगळ्यांच्या शिरोरेषा सरळ. हे जुळवणारा जुळारी संस्कृत शिकलेला नसणार. त्याची नजर आणि हात शिकलेले. आणि किंमत अशी की विद्यार्थ्याला घेता यावी. संस्कृतच्या अभ्यासकांमध्ये 'नि. सा.' एवढी दोन अक्षरं तळटीपेत लिहिली की पुरतात, पुढे खुलासा लागत नाही.

त्या काळी हा एकच छापखाना होता असं मुळीच नाही. लखनौला नवलकिशोर १८५८ पासून होते. मुंबईतच राजस्थानच्या चुरूहून आलेल्या खेमराज-गंगाविष्णु बंधूंनी १८७१ साली 'वेंकटेश्वर' उभा केला, त्यांचीही पुस्तकं घराघरांत आहेत. हे सगळे घराण्यांचे धंदे. तेव्हा प्रकाशन म्हणजे घरच. बँकेचं कर्ज, भागधारक, व्यवस्थापक या गोष्टी नव्हत्या. मालक, त्याची मुलं, पंधरा-वीस वर्षं टिकलेले कारागीर, आणि पत वाढवणारं किंवा बुडवणारं एक नाव.

१८९२ साली जावजी वारले. वय त्रेपन्न. म्हणजे आपल्या बॅचपेक्षा जेमतेम काही वर्षांनी मोठे. छापखाना काढून तेवीस वर्षं झाली होती, काव्यमाला सहा वर्षांची होती. धंदा एका माणसाच्या नजरेवर उभा असेल तर तो माणूस गेल्यावर काय उरतं, हा प्रश्न त्या वर्षी कोलभाट गल्लीत सगळ्यांपुढे असणार. वर्गणीदारांचे हप्ते बाकी, पोथ्या शास्त्र्यांकडे, खिळे केसेसमध्ये, आणि मालक नाही.

इथे थांबून आमच्या छापखान्याबद्दल सांगते. आमचा ट्रेडल बाजारपेठेत, बसस्टँडच्या मागच्या बाजूला. शाळेचे निकालपत्रकाचे फॉर्म, स्नेहसंमेलनाची निमंत्रणं आमच्याकडेच छापली जायची; तुमच्यापैकी काहींच्या लग्नपत्रिकाही. बाबा जुळारी म्हणून लागले आणि पुढे तोच छापखाना त्यांनी विकत घेतला. लहानपणी मला केसमधले खिळे वेगळे करायला बसवायचे. क आणि फ उलटे वाचता आले की चहा मिळायचा. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ऑफसेट आणि डीटीपीपुढे बाबांचं काही चालेना. घरात बैठक बसली. भावाला विचारलं, तू चालवशील का, कॉम्प्युटर घेऊ, नवं मशीन घेऊ. तो नाही म्हणाला आणि त्याची कारणं योग्य होती. मग खिळे वजनावर भंगारात गेले. शिशाला भाव बरा आला. मला कुणी विचारलं नाही. मी कॉम्प्युटरच शिकत होते, पण ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. कदाचित मीही नाहीच म्हटलं असतं. पण विचारलं असतं तर मला ते म्हणता आलं असतं.

आपल्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात कितीदा हाच विषय निघाला आहे. कुणाचं किराणा दुकान, कुणाचा दवाखाना, कुणाची आंब्याची बाग, कुणाचा वडिलांनी काढलेला वर्कशॉप. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कॅनडाला. प्रत्येकाकडे एक किल्ली आहे आणि ती कुणाच्या हातात द्यायची ते ठरत नाही.

जावजींच्या पाठीमागे तुकाराम जावजी उभे राहिले. त्यांनी धंदा नुसता टिकवला नाही, काव्यमाला पुढे नेली. दुर्गाप्रसादांच्या जागी पंडित शिवदत्त आले, परब होतेच. 'नाट्यशास्त्र' निघालं ते या नव्या जोडीच्या हातून, तुकारामांच्या काळात. वडील गेल्यावर दोन वर्षांत भरताचं नाट्यशास्त्र छापायला घेणं म्हणजे काय जोखीम असेल! त्याला पंचांगासारखं गिऱ्हाईक नाही. पण वडिलांचं नाव ज्या कामाने झालं तेच काम चालू ठेवायचं, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची बहुतेक निर्णयसागर पुस्तकं तुकारामांच्या नावाने आहेत. त्यानंतर मालक म्हणून पांडुरंग जावजी हे नाव येऊ लागतं. मालकाची नावं बदलतात, मुद्रक म्हणून मात्र रामचंद्र येसू शेडगे हे एकच नाव वर्षानुवर्षं दिसत राहतं. अशा शेडग्यांवर घराण्यांचे धंदे चालतात. आमच्याकडेही एक काका होते. पगार थकला तरी सकाळी आठला येऊन शटर उघडायचे.

मग १९४० च्या दशकातली पुस्तकं हातात घ्यावीत. मुद्रक शेडगेच, पत्ता तीच कोलभाट गल्ली, आणि प्रकाशकाच्या जागी नाव आहे: सत्यभामाबाई पांडुरंग.

मी हे पहिल्यांदा एका स्कॅन केलेल्या प्रतीत पाहिलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कॉल होता. तरी मी त्या काळातल्या आणखी पाच-सहा पुस्तकांची तीच पानं उघडून बघितली. नाव सगळीकडे होतं. साहित्यशास्त्राचे, व्याकरणाचे ग्रंथ, जे शिकण्याचा बायकांना अधिकार आहे की नाही यावर शतकभर वाद झाले, ते ग्रंथ एका बाईच्या नावाने बाहेर पडत होते. जो छापखाना खिळे घासणाऱ्या एका मुलाने उभा केला तो त्याच घरातल्या बाईच्या हाती आला होता, आणि पुस्तकं शुद्ध निघत होती. जावजींच्या कीर्तीबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. सत्यभामाबाईंवर कुणी लेख लिहिलेला माझ्या वाचनात आला नाही. आपल्यापैकी मराठीच्या प्राध्यापिका झालेल्या दोघींनी हे मनावर घ्यावं, असं जाहीरपणे इथे लिहून ठेवते.

पुढे छपाईचं तंत्र बदललं. हाताने जुळवायचे खिळे मागे पडले आणि निर्णयसागरचे जुने दिवस संपले. जावजी गेले त्याच वर्षी, १८९२ ला, काशीत 'चौखंबा' ही दुसरी एका घराण्याची प्रकाशनसंस्था सुरू झाली होती. काव्यमालेचे कितीतरी खंड नंतर चौखंबाने पुन्हा छापले. ते बहुधा जुन्या पानांचे फोटो काढून. म्हणजे राणोजींनी कोरलेली अक्षरं खिळे गेल्यावरही कागदावर येतच राहिली. आता तीच पानं स्कॅन होऊन माझ्या लॅपटॉपवर आहेत. संगणकाला देवनागरी वाचायला शिकवताना आम्ही जुन्या छपाईची पानं वापरतो तेव्हा इतर छापखान्यांच्या पानांवर तो अडखळतो, मात्रा इकडची तिकडे करतो. निर्णयसागरची पानं तो त्यामानाने नीट वाचतो.

ही स्मरणिका आपल्याच गावात, ऑफसेटवर छापली जाते आहे. प्रूफं बाबांनी मागून घेतली आहेत. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत, तरी भिंग घेऊन बसतात. माझ्या लेखात त्यांनी आतापर्यंत अकरा चुका काढल्या, त्यातल्या दोन 'ऱ्या'च्या. मेळाव्याला त्यांना घेऊन येणार आहे. ज्यांच्या लग्नपत्रिका त्यांनी छापल्या आहेत त्यांनी येऊन भेटावं.